बॅटरी पेटते कशी, आणि कंपनी ती परत का बोलावते?

जून २०२५मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एक नोटीस जाहीर केली. अँकर कंपनीच्या एकाच मॉडेलच्या सुमारे ११ लाख ५८ हजार पॉवर बँका वापरणं ताबडतोब बंद करा, असं त्यात होतं. त्या मॉडेलची विक्री डिसेंबर २०२२मध्येच संपली होती. म्हणजे लोकांच्या घरात त्या निदान अडीच वर्षं बिनबोभाट चालत होत्या. आग किंवा स्फोट झाल्याच्या तक्रारी होत्या १९.

ही बातमी वाचून कुणालाही वाटेल, अकरा लाखांत एकोणीस, मग एवढा गाजावाजा कशाला? आणि पाठोपाठ मनात येतं, आपल्या घरात आहे तिचं काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर बॅटरीच्या पोटात आहे.

सांगलीत विश्रामबागेतला फ्लॅट घ्या, नाहीतर तासगाव रस्त्याला मळ्यातलं घर घ्या. माणशी एक मोबाईल, एखादी पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर, दाढीचा ट्रिमर, पोराची रिमोटची गाडी, शाळेच्या प्रोजेक्टपायी घेतलेला लॅपटॉप. रात्रीच्या लाईटला उसाला पाणी पाजायला जाताना डोक्याला बांधायची हेडलाईट. पाठीवरचा फवारणीचा पंप. अंगणात इलेक्ट्रिक स्कूटर. यांतल्या जवळपास सगळ्यांत एकाच जातीची बॅटरी असते, लिथियम-आयन. (फवारणी पंपांत आणि इन्व्हर्टरला अजून पुष्कळ ठिकाणी शिशाची बॅटरी असते, तिचे धोके वेगळे.) घरातल्या अशा बॅटऱ्या मोजायला बसलात तर आकडा सहज दहाच्या पुढे जाईल.

आत असतं काय?

आपण हातात धरतो त्या बॅटरीत एक किंवा अनेक सेल असतात. मोबाईलमध्ये बहुधा एक, पॉवर बँकेत दोन-चार, स्कूटरमध्ये कित्येक डझन ते शेकडो. प्रत्येक सेलमध्ये धातूच्या दोन लांब, पातळ पट्ट्या असतात. तांब्याच्या पट्टीवर ग्रॅफाइटचा लेप असतो, ती ऋण बाजू. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर लिथियम असलेल्या धातू-ऑक्साइडचा लेप असतो, ती धन बाजू. दोन्ही एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा अतिशय बारीक छिद्रांचा पडदा असतो, त्याला सेपरेटर म्हणतात. हे सगळं घट्ट गुंडाळून किंवा थरावर थर देऊन एका डबीत किंवा चंदेरी पाकिटात बसवतात आणि त्यात एक द्रव भरतात.

चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्या द्रवातून आणि पडद्याच्या छिद्रांतून ऋण बाजूला जाऊन बसतात. फोन वापरला की ते परत येतात. ही ये-जा शेकडो वेळा होऊ शकते. सोनी कंपनीने १९९१मध्ये अशी बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. इतक्या कमी वजनात इतकी वीज साठवणारी आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी दुसरी वस्तू आपल्या रोजच्या वापरात नाही.

पण त्यातच तिचा धोकाही आहे. पडदा साधारण २० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा. अलीकडे तर याहून पातळ पडदे वापरतात, कारण पडदा पातळ केला की तेवढ्याच जागेत जास्त वीज मावते. आणि आतला द्रव पाण्यासारखा निरुपद्रवी नसतो. ते सेंद्रिय द्रावक असतं आणि ते पेट घेतं. जळणारा द्रव, साठवलेली वीज आणि मध्ये एवढासा पडदा, असा सगळा मामला आहे.

पेट घेते ती कशी?

ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. चारा नीट न वाळवता ओलसरच रचून गंज घातली, तर ती आतून तापते. हात घातला तर चटका बसतो. ओल्या चाऱ्यात आत जी प्रक्रिया सुरू होते तिची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. उष्णता साठली की प्रक्रिया आणखी जोरात होते, त्यातून आणखी उष्णता. बाहेरून ठिणगी न पडताही अशी गंज पेटू शकते.

सेलमध्ये तेच होतं, फक्त दिवसांचं काम काही सेकंदांत किंवा मिनिटांत उरकतं. कुठल्याही कारणाने पडद्याला इजा झाली आणि दोन्ही बाजू एखाद्या ठिपक्याएवढ्या जागेत जरी भिडल्या, तरी साठलेली वीज त्या वाटेने धावते. तेवढी जागा तापते. साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ऋण पट्टीवरचा संरक्षक थर मोडायला लागतो, आणि तो मोडताना स्वतः उष्णता सोडतो. १३० अंशांच्या आसपास पॉलिथिलीनचा पडदा वितळतो. मग ठिपक्यापुरतं असलेलं शॉर्टसर्किट सगळ्या सेलभर होतं. २०० अंशांच्या पुढेमागे धन बाजूचं ऑक्साइड फुटून ऑक्सिजन सोडतं. इथून पुढे तापमान कित्येक शे अंशांवर जातं. याला तंत्रज्ञ ‘थर्मल रनवे’ म्हणतात, म्हणजे तापणं हाताबाहेर जाणं.

गंज पेटायला बाहेरची हवा लागते. इथे जळणारा द्रवही आत, उष्णताही आत आणि थोडाफार ऑक्सिजनही आतच तयार होतो. म्हणून कापड टाकून किंवा हवा कोंडून ही आग दाबता येत नाही. शिवाय एक सेल गेला की शेजारचा तापतो आणि तोही त्याच वाटेने जातो. स्कूटरची बॅटरी विझली असं वाटल्यावर तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा भडकते ती यामुळे.

धुराचाही विचार करायला हवा. त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि द्रवातल्या क्षारापासून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो डोळ्यांना आणि फुफ्फुसांना भाजून काढतो. बंद खोलीत माणूस ज्वाळेआधी धुराने जातो.

पडद्याला इजा होते कशाने?

कारणं बरीच आहेत, पण त्यांचे दोन ढीग करता येतात. एक कारखान्यातून आलेली, दुसरी आपल्या हातून घडलेली. रिकॉल, म्हणजे विकलेला माल परत बोलावणं, होतो तो पहिल्या ढिगासाठी, म्हणून तो आधी पाहू.

२००६मध्ये सोनीने बनवलेल्या लॅपटॉप बॅटऱ्यांवरून जगभर गदारोळ झाला. एकट्या डेल कंपनीने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, अ‍ॅपलने १८ लाख. कारण निघालं ते धातूच्या सूक्ष्म कणांचं. सेल बनवताना अगदी बारीक कण आत राहिले होते आणि त्यांच्यामुळे आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकत होतं. बाहेरून बॅटरी चकचकीत, चालायला उत्तम.

सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ची गोष्ट तर शिकवणीसारखी आहे. फोन ऑगस्ट २०१६मध्ये बाजारात आला आणि २ सप्टेंबरला कंपनीने तो परत मागवायचं जाहीर केलं. तोवर कंपनीकडे ३५ प्रकरणं आली होती आणि विकलेले फोन होते सुमारे २५ लाख. कंपनीने दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी घालून फोन बदलून दिले, आणि तेही पेटायला लागले. ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद केलं. जानेवारी २०१७मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला, त्यासाठी २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासल्या होत्या. पहिल्या बॅटरीत वरच्या कोपऱ्याला जागा अपुरी पडून ऋण पट्टी वाकली होती. दुसऱ्या बॅटरीत वेल्डिंगची टोकं वर आलेली होती, आणि काहींत इन्सुलेशनची टेपच नव्हती. दोन वेगळे कारखाने, दोन वेगळ्या चुका, परिणाम एकच.

जनरल मोटर्सच्या बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीत तर दोन दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले तरच आग लागायची: ऋण बाजूची पट्टी फाटलेली आणि पडदा दुमडलेला. असा योग फार क्वचित येणार. तरी कंपनीला २०२१मध्ये सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि तोवर मालकांना सांगावं लागलं की गाडी घरात लावू नका, रात्रभर चार्जिंगला ठेवू नका.

अकरा लाखांत एकोणीस या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एकोणीस पेटल्या म्हणून बाकीच्या चांगल्या ठरत नाहीत. दोष एका खेपेतल्या कितीतरी सेलमध्ये कमी-अधिक असतो आणि कुठला सेल कधी जाईल हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, कंपनीलाही नाही. चालणारी वस्तू सदोष नाही असं म्हणता येत नाही. म्हणून सगळी खेप बोलवायची.

आणि आपल्या हातून काय होतं?

फोन जोरात आपटणं, मागच्या खिशात ठेवून त्यावर बसणं, बॅटरीला खिळा किंवा स्क्रू लागणं. चुकीच्या चार्जरने मर्यादेपेक्षा जास्त विजेचा दाब (व्होल्टेज) देणं: नेहमीचा सेल ४.२ व्होल्टला भरला असं धरतात, त्यापुढे रेटलं की ऋण पट्टीवर धातूरूप लिथियम साचायला लागतं आणि त्याचे बारीक काटे पडद्याकडे वाढतात. चांगल्या बॅटरीत हे रोखायला एक छोटं सर्किट असतं. ते दाब, करंट आणि तापमान बघतं आणि वेळ आली की तोडतं. स्कूटरच्या बॅटरीत याची मोठी आवृत्ती असते, तिला बीएमएस म्हणतात. स्वस्त मालात पहिली कात्री याच सर्किटला लागते.

एक कारण शेतकऱ्यांनी खास लक्षात ठेवावं असं आहे. हंगाम संपला की लिथियमचा पंप किंवा हेडलाईट पार उतरलेल्या अवस्थेत कोठीत पडते आणि चार-सहा महिन्यांनी एकदम चार्जिंगला लागते. सेल पूर्ण उतरून तसाच पडून राहिला की ऋण बाजूचं तांबं द्रवात विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना भलत्याच जागी जमतं. तिथून शॉर्टसर्किटला वाट मिळते. ठेवून द्यायची असेल तर निम्मी भरून ठेवावी आणि अधूनमधून बघावी. तळाला जाऊन मेलेली बॅटरी इकडून तिकडून दाब देऊन ‘उठवून’ देणारे कारागीर असतात. ती उठते, पण तिच्यावर विसंबू नये.

फुगलेली बॅटरी

मारुती रोडवर किंवा मिरजेत स्टेशनच्या बाजूला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तर हे दृश्य दिसतंच. गिऱ्हाईक फोन काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, स्क्रीन उचकटलीय, चिकटवून द्या. फोन आडवा धरला की एका कडेने स्क्रीन वर आलेली दिसते, फटीतून आतला उजेड बाहेर येतो. कारागीर गरम हवा मारून मागचं झाकण सैल करतो, प्लास्टिकची पातळ पट्टी हळूहळू सरकवतो आणि झाकण निघतं. आत सपाट असायला हवं ते चंदेरी पाकीट मधोमध टम्म झालेलं असतं. कारागीर त्याच्याखाली पट्टी सरकवताना श्वास रोखून धरतो, कारण डिंकाने चिकटलेलं पाकीट जोर लावून वाकवलं तर तिथेच धूर निघू शकतो.

“काका, स्क्रीनला काही झालं नाही, बॅटरी फुगलीय.”

“अजून महिनाभर चालंल का? पगार झाला की बदलतो.”

“नको. आजच बदला, नाहीतर फोन बंद ठेवा.”

कारागिराचं बरोबर आहे. आतला द्रव मोडून वायू झाला की पाकीट फुगतं. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटतेच असं नाही, बहुतेक पेटत नाहीत. पण आत बिघाड सुरू झाला आहे हे तिने उघड सांगितलेलं असतं, आणि आग लागण्याआधी इतकी स्पष्ट सूचना दर वेळी मिळत नाही. ती दाबून सपाट करायची नाही, टाचणीने हवा काढायची नाही, आणखी एकदा चार्ज करून बघायची नाही. गोडसर, रंगाच्या थिनरसारखा वास येत असेल तर तेही हेच सांगतो.

रात्रभर चार्जिंगला लावलं तर?

धड कंपनीचा फोन भरला की चार्जिंग तोडतो. रात्रभर पिन लागलेली राहिली म्हणून तो पेटेल असं नाही. मग रात्री लावू नका असं का सांगतात? कारण आग कधीही लागली तरी जागा माणूस ती पहिल्या मिनिटात बघतो, झोपलेला बघत नाही. सप्टेंबर २०२२मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा सगळे झोपेत असताना स्फोट झाला आणि त्यात भाजलेलं सात वर्षांचं पोर गेलं. बॅटरी होती ती पोर झोपलं होतं त्याच खोलीत.

फोनबाबत माझं म्हणणं एवढंच आहे की तो उशीखाली, गादीवर, पांघरुणात चार्ज करू नका, कारण तिथे उष्णता कोंडते. फरशीवर, टेबलावर चालेल. स्कूटरच्या बॅटरीबाबत मात्र मी हट्टाने सांगेन: रात्री नाही, झोपायच्या खोलीत नाही आणि बाहेर पडायच्या दारात तर मुळीच नाही. जिना आणि दार याच दोन जागा आपल्याकडे प्लगसाठी सोयीच्या असतात, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाटही तीच असते.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला, त्याने पेटते का?

चाळीस अंशांनी निरोगी सेल पेटत नाही, वर दिलेले आकडे पाहिलेत तर फरक कळेल. पण उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डवरचं तापमान सत्तरीकडे सहज जातं. पॉवर बँक तिथे सोडून बाजारात जायचं नाही. इस्लामपूरहून भर दुपारी दामटत आणलेली स्कूटर आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, बॅटरी हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं.

स्वस्तातली चालते की, काय झालंय?

हेडलाईटमध्ये घालायचे ते बोटाएवढे जाड सेल बघा. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. नामांकित कंपन्यांचा चांगला सेल या मापात ३,५०० एमएएचच्या आसपास वीज साठवतो. एमएएच हे साठ्याचं माप. बाजारात याच मापाच्या सेलवर ९,९०० छापलेलं सर्रास मिळतं. तेवढा साठा या मापात मावतच नाही. म्हणजे छापणाऱ्याने एक गोष्ट उघड खोटी लिहिली आहे. मग आतला पडदा, सर्किट, तपासणी याबाबत त्याच्यावर भरवसा का ठेवायचा? जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल नवी पट्टी चढवूनही विकले जातात.

आपल्याकडे याला कायद्याचा आधार आहे, तो वापरावा. मोबाईल, पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या यांना भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर मानकचिन्हासोबत ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप मोबाईलवर घेऊन तो क्रमांक दुकानातच टाकून बघता येतो. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली पाहिजे. क्रमांक खोटा निघाला तर वस्तू दुकानातच सोडा, भले शंभर रुपये कमी असोत.

रिकॉल आपल्यापर्यंत पोचतो का?

वयाने चाळिशीपुढच्यांना नोकियाची बीएल-५सी बॅटरी आठवत असेल. ऑगस्ट २००७मध्ये नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांत चार्जिंगच्या वेळी शॉर्टसर्किट होऊन तापण्याचा दोष असू शकतो, त्या बदलून मिळतील. भारतभर लोकांनी फोनची झाकणं काढून मागचे नंबर तपासले. ती बॅटरी ज्याच्या हातात होती त्याला स्वतःला ताडून बघता येत होतं, कारण नंबर तिच्यावर छापलेला होता. तेवढ्याने काम झालं.

भारतात आज बेधोक नसलेला माल परत बोलवायचा आदेश देण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे. वाहनांसाठी मोटार वाहन कायद्यात वेगळं कलम आहे, ११०-ए, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. २०२२च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेची स्कूटर पेटली, नाशिकला कंटेनरमधल्या २० स्कूटर जळाल्या, तेव्हा ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. एक सेल पेटला तरी शेजारचे पेटत जाऊ नयेत, ही परीक्षाही त्यात आली.

पण रिकॉल ही नाव-पत्त्यावर यायची सूचना आहे. बिल घेतलं नाही, वस्तूवर कंपनीचं नाव नाही, मित्राकडून वापरलेली घेतली, की ती सूचना वाटेतच थांबते. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या, कमी ताकदीच्या स्कूटरला आरटीओची नोंदणीही लागत नाही. अशी स्कूटर दोनदा विकली गेली की तिसरा मालक कोण हे कंपनीला कुठूनही कळणार नाही. या स्कूटर कॉलेजची पोरं आणि निवृत्त माणसं चालवतात, याची मला काळजी वाटते. कंपनीने माल परत बोलावला म्हणजे कंपनी वाईट, असंही समजू नये. चूक शोधून जाहीर करणारी कंपनी निदान जागेवर आहे. ज्या मालावर नावच नाही, तो परत कोण बोलावणार?

एलएफपी बॅटरी पेटत नाही म्हणतात ना?

लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, ही याच घराण्यातली जास्त शांत बॅटरी. तिच्या धन बाजूत ऑक्सिजन पक्का बांधलेला असतो, त्यामुळे ती उशिरा आणि कमी जोराने तापते. निवड असेल तर घरच्या साठ्यासाठी मी तीच घेईन. पण द्रव तिच्यातही जळणारा आहे आणि बिघडली तर तीही पेटणारे वायू सोडते. ‘पेटतच नाही’ असं सांगणारा विक्रेता पुरती माहिती देत नाही.

पुरात भिजली तर?

हा प्रश्न आपल्या गावाने विचारलाच पाहिजे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१मध्ये पुन्हा ५० फुटांच्या वर. तळमजल्यावरची वाहनं दोन्ही वेळा पाण्यात गेली. २०१९च्या मानाने आता त्यांत इलेक्ट्रिक स्कूटर बऱ्याच असतात.

२०२२मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयन चक्रीवादळाने समुद्राचं पाणी आत आलं आणि त्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यावर, नुसत्या उभ्या असताना पेटल्या. खाऱ्या पाण्यातून वीज जास्त वाहते, त्यामानाने नदीच्या पाण्याचा धोका कमी. तरीही पाणी आणि गाळ आत शिरला की जोड गंजतात, सर्किट बिघडतं, आणि मग चार्जिंग लावलं की शॉर्ट होतं. पाणी उतरल्यावर घर धुताना पहिला मोह होतो तो स्कूटर चालू होते का बघायचा. तो आवरा. चालू करू नका, चार्जिंग लावू नका, उन्हात वाळली म्हणून बरी झाली असं धरू नका. ढकलत घरापासून लांब मोकळ्यावर न्या (अमेरिकेतल्या सूचनेत हे अंतर सुमारे ५० फूट आहे) आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. भिजलेली पॉवर बँक तर वापरूच नये. आणि पुराचा इशारा आला की गाद्या माडीवर चढवताना स्कूटरही आधीच उंचावर न्यावी.

पेटलीच तर?

लिथियमवर पाणी टाकू नये, असं पुष्कळांना वाटतं. शुद्ध धातूरूप लिथियमबाबत ते खरं आहे. लिथियम-आयन बॅटरीत तो तसा फारसा नसतो, आणि तिला थंड करायला पाण्याइतकं चांगलं काही नाही. विमानातही पेटलेल्या फोनवर पाणी ओतायलाच शिकवतात. पॉवर बँक विमानाच्या पोटातल्या सामानात न ठेवता स्वतःजवळ ठेवायला लावतात ती यासाठीच, की धूर आला तर कुणाला तरी दिसावा. कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्यांनाही हाच नियम.

फोन किंवा पॉवर बँकेतून धूर यायला लागला तर आधी बोर्डाचं बटण किंवा मेन स्विच बंद करा, मग लांबून भरपूर पाणी ओता. धूर थांबला तरी ओतत राहा. हातात उचलून पळू नका. कोरड्या पावडरचं अग्निशामक ज्वाळा मारतं, पण सेल थंड करत नाही, पाणी लागतंच. स्कूटर पेटली तर विझवायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांना बाहेर काढा, धुरापासून लांब जा आणि १०१ किंवा ११२ला फोन करून सांगा की बॅटरीची आग आहे, म्हणजे जवान त्या तयारीने येतील.

फुगलेली, मेलेली टाकायची कुठे?

घंटागाडीत टाकायची नाही. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडतो आणि आग लागते. भंगारवाल्यालाही द्यायची नाही, तो ती हातोड्याने फोडतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. तोवर दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे पहिला प्रश्न बिल आणि मॉडेल नंबरचा होईल. बिलाची शाई वर्षभरात उडते. पॉवर बँकेवरचा नंबर तळाला अगदी बारीक अक्षरांत असतो आणि खिशात घासून घासून पुसला जातो. आज वाचता येतोय तोवर दोन्हींचा फोटो काढून ठेवा, आणि वस्तू कुणाला विकलीत तर तो फोटोही त्याला पाठवा.